ऐरावत कंपनीचं हेड ऑफिस

सरकारनं त्या साली इन्कमटॅक्सवर सुपरटॅक्स आणि त्यावर सरचार्ज अशी मडक्यांची उतरंड रचली, तेव्हा सोलापूरच्या मंगळवार पेठेतल्या निंगप्पा सलगरे यांना पहिल्यांदा वाटलं, की आपली कंपनी उचलून दुसरीकडं न्यावी.

कंपनी म्हणजे ऐरावत दंतमंजन कंपनी लिमिटेड. बाभळीचा कोळसा, बदामाची जळकी टरफलं, हिरडा, लवंग आणि सैंधव कुटायचं, वस्त्रगाळ करायचं, पत्र्याच्या डबीत भरायचं आणि डबीवर सोंड वर केलेला हत्ती छापायचा. हत्तीचे दात ठळक दिसू देत, असं शेटनी पेंटरला बजावलं होतं. त्यानं ते इतकं मनावर घेतलं, की हत्तीला सुळे तर काढलेच, शिवाय माणसासारखी बत्तिशी काढली. गिऱ्हाइकं आधी दचकली, मग त्यांना सवय झाली. आता तर हसरा हत्ती डबीवर नसला तर सांगोल्याचे दुकानदार माल परत पाठवत.

डायरेक्टर तिघं. निंगप्पाशेट स्वतः मॅनेजिंग. दुसरे इमामसाब, डब्या करणारे. हातात कात्री नसली तरी दोन बोटं कात्रीसारखी हलवत बोलायची त्यांना खोड होती. तिसरे जोतीरामबापू. कंपनी काढताना भांडवल त्यांनी घातलं होतं, आणि त्यानंतर त्यांना कमी ऐकू यायला लागलं. दोन्ही गोष्टींचा संबंध नव्हता, पण लोक जोडत. सभेला ते न चुकता येत आणि बसल्या बसल्या झोपत.

कारभार असा चालायचा. काही ठरवायचं निघालं, की निंगप्पाशेट कपाळाला आठ्या घालून छताकडं बघत आणि म्हणत, "विचार करून सांगतो." मग ते आत जात. आत चूल होती, चुलीपुढं पाट होता आणि पाटावर त्यांची बायको चंद्रव्वा भाकरी थापत बसलेली असे. थोड्या वेळानं शेट बाहेर येत आणि ठरलेलं सांगत. आपण आत जाऊन विचार करतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

चंद्रव्वाचं सगळंच बरोबर यायचं असंही नाही. एकदा तिनं दंतमंजनात ओवा घालायला लावला होता. लोकांनी दात घासायचं सोडून ते पोटदुखीवर खाल्लं, आणि उतारा पडला म्हणून आणखी मागितलं. पण चुकलं तरी ते तिचं चुकायचं आणि शेटना झोप लागायची.

तर अशा वेळी कोळनूर संस्थानचे दिवाण रंगराव, डोक्यावर पगडी आणि बगलेत छापील पत्रकं घेऊन मंगळवार पेठेत आले. होटगीच्या पुढं एका लहानशा स्टेशनावर उतरलं, की बैलगाडीनं अर्धा दिवस गेल्यावर कोळनूर लागायचं. संस्थान एवढंसंच होतं. राजेसाहेब सकाळी फेरफटक्याला निघाले आणि जरा तंद्री लागली, तर ते ब्रिटिश हद्दीत पोचत.

"आमच्याकडं इन्कमटॅक्स नाही," दिवाणसाहेब बैठकीवर मांडी घालत म्हणाले. "सुपरटॅक्स नाही. सरचार्ज म्हणजे काय, ते तर राजेसाहेबांना मी अजून सांगितलंच नाही. उगाच कल्पना सुचायची. तुम्ही कंपनीचं हेड ऑफिस कोळनूरला आणा. एवढंच करा."

"त्यात तुमचा फायदा काय?" शेटनी विचारलं.

दिवाणसाहेबांचे डोळे लकाकले. "हेड ऑफिसं आली की मागून माणसं येतात. माणसं आली की दुकानं येतात, दुकानं आली की विजेचे दिवे येतात. राजेसाहेबांना कोळनूरचं सोलापूर करायचंय."

शेटनी छताकडं बघितलं. "विचार करून सांगतो," म्हणाले आणि आत गेले.

चंद्रव्वानं भाकरी उलटली. "न्या की," ती म्हणाली. "पाटीच न्यायची न्हवं? चूल तर न्यायची न्हाय."

शेट बाहेर आले आणि म्हणाले, "पक्कं."

वकिलानं सांगितलं, की नुसत्या पाटीनं भागायचं नाही. महिन्याला एक सभा कोळनूरला भरवा, ठराव तिथं करा. म्हणून पुढच्या महिन्यात तिन्ही डायरेक्टर धूळ खात कोळनूरला पोचले. दिवाणसाहेबांनी त्यांना जागा दाखवली. तो राजेसाहेबांचा पिलखाना होता. हत्ती कधीच गेला होता. त्याचे साखळदंड भिंतीला तसेच लटकत होते.

"तुमच्या छापाला शोभेल म्हणून मुद्दाम राखून ठेवला," दिवाणसाहेब म्हणाले. "बाकीच्यांना पागेत दिलंय."

पागेत खरोखरच ओळीनं पाट्या लागल्या होत्या. एक विमा कंपनी होती, एक सिमेंटची होती, एक पेढी होती, आणि एका पाटीवर नुसतंच ‘जनरल’ लिहिलं होतं. प्रत्येक दाराला कुलूप होतं. संस्थानच्या नव्या धोरणानं आतापर्यंत एकाच माणसाची भरभराट झाली होती. तो म्हणजे पाट्या रंगवणारा गुंडा पेंटर. त्यानं वाड्यासमोर स्वतःचं दुमजली घर बांधलं होतं, आणि त्याच्या दारावर मात्र पाटी नव्हती.

सभेपुढं विषय मोठा होता. मुंबईहून कुणीतरी गुलाबी दंतमंजन काढलं होतं, त्याला गुलाबाचा वास होता आणि ते सोलापुरात भराभर खपायला लागलं होतं. ऐरावतनं काय करायचं?

इमामसाब म्हणाले, "आपन बी गुलाबी काढावं. न्हाय तर न काढावं. शेट, बोला."

निंगप्पाशेटनी वर बघितलं. पिलखान्याचं छत फारच उंच होतं. तिथं वटवाघळं होती. शेटना विचारच सुचेना. सवयीनं ते उठले, आत जायला वळले आणि समोर भिंत आली. आत असं काही नव्हतंच. ते पुन्हा येऊन बसले.

"ह्याचा विचार करायचा, असा ठराव करू," ते म्हणाले. इमामसाबनी हात वर केला. जोतीरामबापूंचा हात झोपेत दचकून वर गेला, तो होकार धरला. तिघं गाडीत बसले आणि घरी आल्यावर चंद्रव्वानं चुलीपुढं सांगितलं, की गुलाबीचं एवढ्यात नको, आधी लोकांची हौस फिटू द्या.

असे सहा-सात महिने गेले. मग एके दिवशी इन्कमटॅक्स ऑफिसर सबनीस स्वतः मंगळवार पेठेत हजर झाले. बारीक अंगाचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. डावा गाल जरा सुजलेला होता आणि मधूनमधून ते तो हातानं दाबत.

"कोळनूरला जाऊन आलो," ते बैठकीवर बसत म्हणाले. "पाटी छान आहे."

"तितंच हेड ऑफिस हाय, सायेब," शेट म्हणाले.

"कायद्याला पाटी दिसत नाही, शेट. कायदा एवढंच विचारतो, की कंपनीचा कारभार कुठून चालतो. निर्णय कुठं होतो. तुम्ही मध्यंतरी हिरडा कमी केलात. तो निर्णय कुठं झाला?"

"कोळनूरला. सभेत."

"कुणी मांडला?"

"मी."

"कारण काय दिलंत?"

कारण शेटना आठवेना. त्यांनी जरा मान वळवली आणि काहीच विशेष करत नाही अशा सुरात आत विचारलं, "अगं, हिरडा का कमी केला गं आपण?"

"तोंड वाळतंय म्हणून," आतून आवाज आला. "आन् आपण न्हाय. मी."

सबनीसांनी टिपून घेतलं. शेट काही बोलणार, तेवढ्यात मागच्या परड्यातून गोजाबाई आली. ती कुटणाऱ्या बायकांची मुकादमीण, कोपरापर्यंत काळी; त्या कोळसा कुटायला लागल्या, की पेठेत वाळत घातलेली धुणीही काळी व्हायची. एरवी ती मागच्या दारानं जायची, पण त्या दिवशी तिथं म्हैस आडवी बसली होती. तिच्या हातात पळसाचं पान होतं, पानावर चिमूटभर काळी पूड. साहेबांच्या पुढून ती तशीच आत गेली.

"अक्का, नवा घाणा बगा की."

आत बोट दातांवर फिरल्याचा आवाज आला, मग चूळ भरल्याचा. "लवंग लई झाली," चंद्रव्वा म्हणाली. "उद्यापासनं अर्दी घाला. आन् त्या कोळशेवाल्याला सांग, ओला कोळसा आनलास तर परत पाटवीन."

"व्हय, अक्का," म्हणून गोजाबाई आली तशी परत गेली.

"ही सभा झाली का?" सबनीसांनी विचारलं.

"न्हाय, सायेब. ती बायकांची बोलनी."

"उद्यापासून लवंग अर्धी होईल ना पण?"

शेटना खोटं बोलता आलं असतं. पण लवंग अर्धी होणार हे इतकं पक्कं होतं, की त्यांच्या तोंडून नाही निघेना.

तेवढ्यात आतल्या दाराच्या फळीआडून एक हात पुढं आला. हातात लवंगेच्या तेलाचा कापूस होता. "सायबांचा दात दुकतोय," चंद्रव्वा म्हणाली. "मघापासनं गाल दाबत्यात. हे धरा म्हणावं."

सबनीस सावध झाले. "बाई, हे घेतलं तर लाच म्हणून लिहावं लागेल."

"लाच न्हाय, लवंग हाय ती."

सबनीसांनी कापसाकडं बघितलं, मग शेटकडं. शेवटी दुखण्यानं कायद्यावर मात केली. त्यांनी कापूस दाढेत धरला आणि डोळे मिटून काही वेळ स्वस्थ बसले. मग दाढेवर दाढ दाबून, म्हणून जरा बोबडं, पण अगदी गंभीरपणे त्यांनी निकाल दिला.

"ऐरावत कंपनीचं हेड ऑफिस तुमच्या स्वयंपाकघरात आहे. पाटावर. आता तुम्हाला दोनच वाटा. सोलापूरचे म्हणून कर भरा, नाही तर बाईंना कोळनूरला नेऊन ठेवा. त्या तिथं बसल्या, की मी स्वतः लिहीन, कंपनी कोळनूरची."

ते गेले. शेट बैठकीवर बसून राहिले. त्यांना कराचं जेवढं वाईट वाटत नव्हतं, तेवढं पाटाचं वाटत होतं. संध्याकाळी ते इमामसाबना घेऊन सिद्धेश्वराच्या तळ्यावर गेले आणि पायरीवर बसले.

"इमामसाब," ते म्हणाले, "कंपनी मी चालवतो का न्हाय?"

इमामसाबनी दोन बोटांनी हवेचा एक तुकडा कापला. "चालवता की, शेट. तुमी न्हाय तर कोन?"

"मग सायेब असं का म्हनला?"

"सायेब शिकलेला मानूस. त्याला दिसतंय तेवढं बोलतो." इमामसाबनी बोटांची कात्री मिटली. "आमच्या घरी लालबीला विचारल्याबिगर मी पत्र्याला कात्री लावत न्हाय. तुमच्यात आन् माझ्यात फरक एवढाच, मला ते म्हाईत हाय."

घरी परत येईपर्यंत शेटनी एक युक्ती काढली होती, आणि ती पूर्ण स्वतःच्या डोक्यातून काढली होती. जेवताना ते म्हणाले, "तुजी तब्येत बरी दिसंना. हवापालट कर की जरा. कोळनूरची हवा चांगली हाय म्हणत्यात."

चंद्रव्वानं त्यांच्या ताटात आमटी वाढली. "सायेब काय बोलला ते मी भिंतीआडून ऐकलंय," ती म्हणाली. "हवा कशाला मधी आनता? सरळ सांगा, चल म्हणून."

शेटनी आमटीत भाकरी कुस्करली, परत कुस्करली. मग खाली बघत म्हणाले, "चल."

"गाव बगते आदी," चंद्रव्वा म्हणाली. "मग सांगते."

एक बाई गाव बघायला येणार, आणि तिला ते आवडलं तर एक खरंखुरं हेड ऑफिस कोळनूरला राहायला येणार, हे कळल्यावर संस्थानात धांदल उडाली. पाट्या कितीतरी आल्या होत्या, पण पाटीमागून माणूस यायची ही पहिलीच वेळ. वेशीवर सनईवाला उभा केला. त्याच्या शेजारी पलटणीतून निवृत्त झालेला एक बिगूलवाला होता. दोघांचं सूर कुठला धरायचा यावर एकमत नव्हतं. चंद्रव्वा गोजाबाईला सोबत घेऊन गाडीतून उतरली, तेव्हा राजेसाहेब स्वतः पिलखान्याच्या दारात उभे होते. गोल चेहऱ्याचे, हसरे, आणि कुणी काही मागितलं तर नाही म्हणता न येणारे.

"बंगला तयार आहे," दिवाणसाहेब म्हणाले. "रंग नुकताच दिलाय. भिंतीला टेकू नका."

चंद्रव्वानं पदर खोचला आणि आधी विहीर दाखवा म्हणाली. पाणी काढलं, चूळ भरली, तोंडात घोळवली आणि लांब थुंकली.

"मचूळ हाय," ती म्हणाली. "ह्या पान्यानं दात घासायचं तर दंतमंजनात मीठ घालायलाच नको. बाजार कवा भरतो?"

"सोमवारी."

"आन् मंगळवारी काय लागलं तर?"

दिवाणसाहेबांनी विचार केला. "मंगळवारी कुणाला काही लागत नाही," ते म्हणाले.

"शेजारी कोन?"

"शेजार फार थोर आहे, बाई. सगळी हेड ऑफिसंच."

चंद्रव्वा पागेकडं गेली आणि एकेक दार वाजवत सुटली. "कोन हाय का?" सिमेंट कंपनी गप्प होती. पेढी गप्प होती. विमा कंपनीच्या फळीखालून एक कोंबडी बाहेर आली, तिनं चंद्रव्वाकडं मान वाकडी करून बघितलं आणि परत आत गेली. ‘जनरल’च्या दारापुढं चंद्रव्वा जरा रेंगाळली, कारण तिथं कोण राहत असेल याची तिला खरंच उत्सुकता होती.

निंगप्पाशेट मागून चालत होते. आपल्या बायकोमागून सगळं संस्थान चाललं आहे, राजा, दिवाण, सनई आणि बिगूल, हे बघून त्यांना मघापासून काहीतरी निराळंच वाटत होतं. अभिमानासारखं होतं ते, पण नक्की कुणाचा अभिमान, हे त्यांना सांगता आलं नसतं.

"पण बाई," दिवाणसाहेब शेवटी काकुळतीला येऊन म्हणाले, "कर नाही."

"ते कळलं," चंद्रव्वा म्हणाली. "हितं काय न्हाय ते तुमी लई येळा सांगितलंसा. हितं काय हाय, ते सांगा की."

दिवाणसाहेबांनी बगलेतलं पत्रक काढून दोन्ही बाजूंनी वाचून बघितलं. राजेसाहेब मदतीला आले. "हवा आहे," ते म्हणाले. मग त्यांनाच ते अपुरं वाटलं. "आणि राणीसाहेब आहेत. त्यांना तुम्हाला भेटायचंय."

चंद्रव्वा गोजाबाईला घेऊन वाड्यात गेली. बाकीची मंडळी बाहेर चौथऱ्यावर थांबली. राणीसाहेबांचं माहेर मोठ्या शहरातलं, लग्न होऊन कोळनूरला आल्यापासून त्या फारशा कुणाशी बोलत नसत, असं राजेसाहेबांनी निंगप्पाशेटना हळूच सांगितलं. थोड्या वेळानं आतून हसण्याचा आवाज आला. राजेसाहेब दचकले.

"कोण हसलं?" त्यांनी दिवाणांना विचारलं.

"राणीसाहेबच असाव्यात, सरकार. मीही पहिल्यांदाच ऐकतोय."

आत काय चाललं होतं, ते पुढं गोजाबाईनं सगळ्या पेठेला सांगितलं. राणीसाहेबांनी विचारलं, की सोलापुरात नळाला पाणी येतं हे खरं का. चंद्रव्वा म्हणाली, येतं, आणि नळावर जी भांडणं होतात त्यांच्यापुढं पाण्याची काय मातब्बरी. राणीसाहेबांनी एकूण एक भांडणं ऐकली. मग त्यांनी भाजीचं विचारलं, चाटी गल्लीतल्या लुगड्यांचं विचारलं, आणि आवाज अगदी खाली आणून विचारलं, की पडद्यावरची माणसं आता बोलायला लागलीत म्हणतात, ते काय. चंद्रव्वानं एक बोलपट बघितला होता. तिनं तो गाण्यांसकट सांगितला. गाताना ती बेसूर होती, पण राणीसाहेबांना मूळ चाल माहीत नव्हती.

बायका बाहेर आल्या तेव्हा राणीसाहेबांचे गाल लाल झाले होते.

"आमची दाढ दुखते आहे," त्या राजेसाहेबांना म्हणाल्या. "औषधासाठी आम्ही सोलापूरला जाणार. आठ दिवस."

"केव्हापासून दुखतेय?" राजेसाहेबांनी विचारलं.

"आताच लागली."

राजेसाहेबांनी राणीसाहेबांकडं बघितलं, मग त्यांची नजर निंगप्पाशेटकडं गेली. त्या नजरेत राजा नव्हता आणि रयतही नव्हती. दोन नवऱ्यांनी एकमेकांना ओळखलं, एवढंच. "गाडी जोडा," राजेसाहेब म्हणाले.

परतीच्या वाटेवर निंगप्पाशेटनी विचारलं, "मग? काय ठरलं?"

"मी तितं राहून काय करू?" चंद्रव्वा म्हणाली. "विम्याच्या कोंबडीशी बोलत बसू? कर भरून टाका. मंगळवारी कोथिंबीर मिळतीया, त्याचा म्हणून भरा."

शेटनी कर भरला. सबनीसांनी पावती देताना विचारलं, की बाईंना कोळनूर कसं वाटलं. शेट म्हणाले, "तिला पानी मचूळ लागलं." सबनीसांनी मान डोलावली, जणू हे कलम कायद्यात होतंच.

राणीसाहेबांचे आठ दिवस संपले नाहीत. एक दाढ बरी झाली की दुसरी लागायची. सात रस्त्याजवळ त्यांनी बंगला भाड्यानं घेतला. महिन्याभरात राजेसाहेब चौकशीला म्हणून आले आणि त्यांना संध्याकाळचा बोलपट आवडला. मग सहीसाठी कागद घेऊन दिवाणसाहेब दर आठवड्याला येऊ लागले. पुढं बैलगाडीत त्यांची पाठ धरायला लागली, म्हणून कारकून आले, शिक्का आला आणि शिक्क्याबरोबर शिक्का सांभाळणारा शिवपुत्र नावाचा शिपाई आला. कोळनूर संस्थानचा सगळा कारभार सोलापुरातून चालू लागला. कोळनूरला हेड ऑफिसांच्या पाट्या राहिल्या आणि गुंडा पेंटर राहिला.

एकदा दिवाणसाहेब निंगप्पाशेटच्या बैठकीवर बसले असताना सबनीस आले. त्यांची दाढ पुन्हा दुखत होती आणि लवंगेचा कापूस दुसरीकडं तसा मिळत नव्हता. दिवाणसाहेबांची आणि त्यांची ओळख झाली. सबनीस कापूस दाढेत धरून म्हणाले, "दिवाणसाहेब, मी सहज विचार करत होतो. एखाद्या संस्थानचा कारभार जिथून चालतो…"

दिवाणसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी पगडी उचलली आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाले. त्या वेळी कोळनूरकडं जाणारी गाडी नव्हती. पण सबनीसांनीही पुढं काही विचारलं नाही. दाढ थांबली की त्यांचा कायदाही जरा मऊ व्हायचा.

त्या वर्षीच्या मोठ्या सभेत निंगप्पाशेट उभे राहिले. सभा आता स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीच भरत होती. त्यांनी घसा साफ केला आणि सौभाग्यवती चंद्रव्वा सलगरे यांना डायरेक्टर करावं असा ठराव मांडला. हे वाक्य त्यांनी तळ्याच्या पायरीवर बसून पाठ केलं होतं. इमामसाबनी हात वर केला. जोतीरामबापूंना कानाशी ओरडून सांगितलं, तेव्हा ते जागे झाले आणि म्हणाले, "म्हंजे आजवर नव्हत्या व्हय? मला वाटलं आपण तिघं त्यांच्या हाताखाली."

शेटना वाटलं होतं, की हे बोलताना जीभ जड होईल. तसं झालं नाही. उलट परत खाली बसताना त्यांच्या लक्षात आलं, की आता छताकडं बघायचं काम उरलं नाही. मानेला बरं वाटलं.

डायरेक्टर झाल्यावर चंद्रव्वानं पहिला मोठा निर्णय घेतला तो गुलाबी दंतमंजनाचा. मुंबईवाल्यांचं गुलाबी तर आपलं लाल, असं तिनं ठरवलं आणि कोळशाऐवजी पुडीत गेरू आणि मंजिष्ठा घातली. रंग झकास आला. तो जाईना, एवढंच झालं. आठवड्याभरात निम्म्या सोलापूरची बत्तिशी पान खाल्ल्यासारखी लाल झाली. शाळेत मास्तरांनी पोरांना पान खाल्लं म्हणून छड्या मारल्या आणि मारताना स्वतःचे लाल दात दाखवले. ज्यांना पानाचं व्यसन होतं, त्यांच्यावर आता कुणी विश्वास ठेवेना, की ते पान खातात. करमाळ्याकडं मात्र, जेऊर आणि केमला, माल बरा गेला. न खाता पान रंगतंय म्हणून लोक खूश होते. बाकी सगळीकडून डब्या परत आल्या. परड्यात त्यांची रास लागली आणि तिच्यातले हत्ती सगळ्या बाजूंनी हसत होते.

वर्ष संपल्यावर सबनीस आले, सगळं तपासलं आणि म्हणाले, "शेट, यंदा तुमच्यावर कर बसत नाही. नफाच नाही. सुपरटॅक्स नाही, सरचार्ज नाही. काहीच नाही." ते बोलले तेव्हा त्यांचेही दात लाल दिसले.

कोळनूरला न जाता कर गेला होता. निंगप्पाशेटनी हात जोडले, साहेबांना दारापर्यंत पोचवलं आणि आत आले. चंद्रव्वा पाटावर बसली होती. तवा गरम होता, पण ती पीठ मळत नव्हती. शेटना आठवत होतं तेव्हापासून तवा तापलेला असताना ती कधी रिकामी बसली नव्हती.

"चुकलं माजं," ती म्हणाली.

शेट तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"आता काय करायचं ते तुमी सांगा," चंद्रव्वा म्हणाली.

शेटची मान आपोआप वर निघाली होती, ती त्यांनी खाली आणली. परड्यात गोजाबाईचं कुटणं थांबलं होतं. तीही ऐकत असावी.

"काळंच बरं हुतं," ते म्हणाले.

चंद्रव्वानं परातीत पीठ घेतलं, पाण्याचा हबका मारला आणि मळायला लागली. "व्हय," ती म्हणाली. "बरं हुतं."

निंगप्पाशेट उठले आणि परड्याच्या दाराशी जाऊन उभे राहिले. "गोजाबाई," त्यांनी हाक मारली, आणि आवाज जरा मोठाच निघाला, "उद्यापासनं कोळसा कुटायचा."

"अक्कांनी सांगितलंय का?" गोजाबाईनं विचारलं.

"मी सांगितलंय," शेट म्हणाले. गोजाबाईनं त्यांच्या खांद्यावरून आत चंद्रव्वाकडं बघितलं. चंद्रव्वानं भाकरी थापता थापता मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परड्यात बाभळीचा कोळसा पडला आणि दुपारपर्यंत मंगळवार पेठेतली धुणी पुन्हा काळी व्हायला लागली.